फियाट डिलाइटमधील जुना रेडिओ: बदलावा की दुरुस्त करावा?

डिलाइट_१९७२

सर्व जाणकारांना नमस्कार. माझ्याकडे १९७२ सालची फियाट ११०० डिलाइट आहे. ती मूळची माझ्या थोरल्या मामांची. त्यांच्या पश्चात मामींनी ती माझ्या हवाली केली आणि गेली चार वर्षे मी धनकवडीत तिची देखभाल करीत आहे. इंजिन, ब्रेक आणि वायरिंग यांची कामे टप्प्याटप्प्याने पूर्ण झाली असून आता रेडिओचा प्रश्न उरला आहे.

गाडीच्या पत्र्याच्या डॅशबोर्डमध्ये मामांनी बसविलेला दोन गोल बटणांचा जुना ट्रान्झिस्टर रेडिओ अजून जागेवर आहे. डावीकडच्या बटणाने तो सुरू होतो आणि आवाज कमीजास्त होतो, उजवीकडच्या बटणाने केंद्र लावता येते आणि मधोमध काट्याची काच आहे. त्यावर फक्त मध्यम लहरी लागतात. लहानपणी सासवडला जाताना दिवे घाटात या रेडिओवर पुणे केंद्राच्या बातम्या ऐकल्याचे मला स्पष्ट आठवते. सुमारे पंचवीस वर्षांपासून मात्र तो मुका आहे. चालू केल्यावर काचेमागचा दिवा लागतो, स्पीकरमधून अगदी बारीक सुस्कारा येतो, परंतु कोणतेही केंद्र लागत नाही.

मी एका ठिकाणी चौकशी केली असता, डॅशबोर्डचा पत्रा कापून त्यात हल्लीचा ब्लूटूथचा सेट बसवावा, तासाभराचे काम आहे, असा सल्ला मिळाला. ब्लेड आणि ग्राइंडर त्या डॅशबोर्डजवळ येताना पाहून मी गाडी परत घेऊन आलो. घरच्यांना प्रवासात मोबाइलवरील गाणी ऐकायची आहेत आणि ती इच्छा मला पूर्णपणे मान्य आहे, परंतु एकदा कापलेला पत्रा पुन्हा जुळत नाही. तेव्हा पत्रा न कापता नवा सेट बसविता येतो का, जुना सेट दुरुस्त होण्याजोगा असतो का आणि गाडीचा डायनमो नव्या सेटचा भार पेलू शकतो का, याविषयी अनुभवी सभासदांनी कृपया मार्गदर्शन करावे.

घाटवाट

नमस्कार. आपण गाडी परत आणलीत हे अतिशय योग्य केले. हल्लीच्या सेटचे तोंड १८० मिलिमीटर रुंद आणि ५० मिलिमीटर उंच अशा ठरलेल्या मापाचे असते. हे माप जर्मनीतून रूढ झाले आणि पुढे जगभर मान्य झाले. आपल्या काळातील गाड्यांना मात्र दोन दांडे आणि मध्ये काच अशी रचना असे, म्हणजे पत्र्याला दोन भोके आणि एक लहान चौकट. ही चौकट नव्या मापापुरती मोठी केली की दांड्यांची भोके त्यात विरून जातात आणि मूळ सेट परत बसविण्याचा मार्ग कायमचा बंद होतो.

पत्रा न कापता ब्लूटूथ हवे असेल तर सर्वांत सोपा मार्ग माझ्या प्रीमियर पद्मिनी गाडीत गेली सहा वर्षे चालू आहे. जुना रेडिओ जसाच्या तसा डॅशबोर्डमध्ये राहू दिला आणि ब्लूटूथ असलेला एक छोटा अँप्लिफायर पुढच्या सीटखाली लाकडी फळीवर बसविला. बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत असे अँप्लिफायर सहज मिळतात. स्पीकर मागच्या काचेखालच्या फळीला खालच्या बाजूने लावले आहेत, त्यामुळे वरून काहीच दिसत नाही. सर्व वायरी गालिच्याखालून नेल्या आणि मूळ वायरिंगची एकही वायर तोडली नाही. उद्या कोणाला ते काढून टाकायचे झाल्यास अर्ध्या तासात गाडी पूर्ववत होईल.

एक धोका मात्र मला आवर्जून सांगायचा आहे, कारण त्यात माझा पहिला अँप्लिफायर जळाला. जुन्या गाड्यांमध्ये स्पीकरची एक वायर रेडिओतून येते आणि दुसरी थेट बॉडीला जोडलेली असते, म्हणजे गाडीचा पत्राच परतीच्या वायरीचे काम करतो. नव्या सेटमध्ये स्पीकरच्या दोन्ही वायरींवर विद्युतदाब असतो आणि त्यांपैकी एकही बॉडीला लागू द्यायची नसते. जुना स्पीकर तसाच ठेवून नवा सेट जोडला तर त्याचा आउटपुट आयसी, म्हणजे स्पीकरला शक्ती पुरविणारी चिप, पहिल्याच मिनिटात जाऊ शकतो. म्हणून प्रत्येक स्पीकरसाठी दोन स्वतंत्र वायरी ओढाव्यात आणि जोडण्यापूर्वी मल्टिमीटरने दोन्ही वायरींचा बॉडीशी संबंध नाही याची खात्री करावी.

डायनमोविषयी आपली शंका रास्त आहे. सेटच्या खोक्यावर ‘५० वॅट गुणिले ४’ असे छापलेले असले तरी तो क्षणिक आकडा असतो. सतत मिळणारी शक्ती त्याच्या निम्म्याहूनही कमी असते आणि गाडीत बोलता येईल एवढ्या आवाजाला दोन-तीन अँपिअर पुरतात. तुलनेसाठी पाहा, ४५ वॅटचे दोन हेडलाइट १२ व्होल्टवर साडेसात अँपिअर खातात. अडचण येते ती रात्री, पावसात, सिग्नलला उभे असताना, कारण इंजिन सावकाश फिरत असेल तर डायनमो जवळजवळ काहीच देत नाही आणि सर्व भार बॅटरीवर पडतो. अशा वेळी सेट बंद ठेवण्याची सवय लावून घ्यावी. शिवाय नव्या सेटची पिवळी वायर, जी स्मरणासाठी कायम बॅटरीला जोडायला सांगतात, ती आपण किल्लीमागेच जोडावी, म्हणजे किल्ली बंद करताच तिची वीजही तुटेल. समजा ती केवळ १० मिलिअँपिअर घेत असेल, तरी महिनाभरात ७ अँपिअर-तास जातात, आणि फक्त रविवारी बाहेर पडणाऱ्या गाडीला ते परवडत नाही.

रेडिओदुरुस्ती

धनकवडीच्या आपल्या मित्राने केलेल्या वर्णनात एक वाक्य फार महत्त्वाचे आहे. दिवा लागतो, स्पीकरमध्ये सुस्कारा येतो, पण केंद्र लागत नाही. याचा अर्थ असा की सेटला वीज मिळते आहे, शेवटचा मोठा ट्रान्झिस्टर आणि स्पीकर जिवंत आहेत आणि बिघाड पुढच्या भागात, म्हणजे एरियलकडून येणारा दुबळा संकेत वाढविणाऱ्या भागात आहे. मी आयुष्याची चाळीस वर्षे रेडिओ दुरुस्त करण्यात घालविली आहेत, आणि असा सेट टाकून देण्याजोगा आहे असे मी कदापि म्हणणार नाही.

साठच्या दशकातील आणि सत्तरच्या आरंभीच्या सेटमध्ये जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर असत. त्यांतील एएफ ११४ ते एएफ ११७ ही मालिका पुढच्या भागात सर्रास वापरली जाई. या ट्रान्झिस्टरना चार पाय असतात. तीन पाय कामाचे आणि चौथा त्याच्या धातूच्या टोपीला जोडलेला, बाहेरचा गोंगाट आत येऊ नये म्हणून. या टोपीच्या आतल्या बाजूने कालांतराने कथिलाचे केसासारखे बारीक तंतू उगवतात. ते वाढत वाढत आतल्या पायांना टेकतात आणि ट्रान्झिस्टर स्वतः धडधाकट असूनही टोपीमार्गे बॉडीला शॉर्ट होतो. गाडी चालो वा उभी राहो, हे तंतू वाढतच राहतात, त्यामुळे वर्षानुवर्षे न वापरलेला सेटही याच कारणाने मुका झालेला आढळतो.

तपासणी सोपी आहे. सेटची वीज तोडून, मल्टिमीटरने टोपीचा पाय आणि इतर तीन पाय यांच्यामधला रोध मोजावा. तेथे काहीही संबंध दिसता कामा नये. शून्याच्या जवळचा आकडा आला तर टोपीचा चौथा पाय पाटीपासून, म्हणजे सर्किट बोर्डपासून, कापून मोकळा करावा. बहुतेक वेळा एवढ्यानेच सेट बोलू लागतो. दोन तंतू दोन वेगळ्या पायांना टेकलेले असतील तर एवढ्याने भागत नाही, मग ट्रान्झिस्टर बदलावा लागतो. डाग देताना, म्हणजे सोल्डरिंग करताना, त्याच्या पायाला चिमट्याने धरावे, म्हणजे उष्णता चिमट्यात जाते. जर्मेनियमला ताप सहन होत नाही.

याबरोबरच सर्व इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर बदलून टाकावेत. पन्नास वर्षांत ते आतून वाळतात. त्यांची किंमत किरकोळ असते आणि मापे तपकीर गल्लीत मिळतात. मात्र केंद्र लावणाऱ्या भागातील कॉइलांना हात लावू नये. गाडीच्या रेडिओत घरातल्या रेडिओसारख्या फिरत्या पात्यांचा कंडेन्सर नसतो, कारण खड्ड्यांच्या हादऱ्यांनी पाती थरथरून केंद्र हलले असते. त्याऐवजी कॉइलमध्ये लोहचूर्णाच्या कांड्या आतबाहेर सरकतात. त्या कांड्यांचे परस्पर जुळलेले स्थान बिघडले तर ते परत आणण्यासाठी सिग्नल जनरेटर लागतो आणि बराच संयम लागतो.

दोन सूचना जीवनमरणाच्या आहेत असे समजावे. पहिली, स्पीकर जोडल्याशिवाय सेट चालू करू नये, कारण त्या काळच्या आउटपुट ट्रान्झिस्टरला भाराविना चालणे सोसत नाही. दुसरी, वीज देण्यापूर्वी सेट कोणत्या अर्थिंगवर लावलेला आहे ते पाहावे. फियाटमध्ये बॅटरीचा ऋण टोक बॉडीला असतो. त्या काळच्या पुष्कळ ब्रिटिश गाड्यांमध्ये, उदाहरणार्थ मॉरिस मायनरमध्ये, धन टोक बॉडीला असे. म्हणून अनेक सेटना मागे किंवा खाली एक अदलाबदलीची पट्टी असते. ती चुकीच्या बाजूला असेल तर सेट जळतो.

ब्लूटूथविषयी घाटवाट यांनी सांगितलेला मार्ग मला पसंत आहे. काही जण जुन्या सेटचे पोट रिकामे करून त्यात नवी पाटी भरतात आणि बटणे तेवढी मूळ ठेवतात. दिसायला ते सुरेख दिसते हे मी नाकारत नाही. तथापि ज्या सेटचे सर्व अवयव दुरुस्त होऊ शकतात त्याचे आतडे काढून टाकणे मला पटत नाही. ते काम अशा सेटवर करावे की ज्याच्या कॉइलच गंजून तुटल्या आहेत.

नारायण_पेठ

वरील चर्चा वाचून एका मुद्द्याची भर घालतो. २०२१ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत ५० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी विंटेज नोंदणीची तरतूद झाली, आणि आपली गाडी वयाने त्यात बसते. तेथे मूळ स्वरूप जपण्याची अट आहे. चॅसिस, बॉडी आणि इंजिन यांतील बदलांचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे. रेडिओ बदलल्याने नोंदणीला बाधा येणार नाही, परंतु अशी नोंदणी घेतलेली गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही, म्हणून त्या वाटेला जाण्यापूर्वी पूर्ण विचार करावा. तसेच मामांच्या कागदपत्रांत पोस्टाने दिलेले रेडिओ परवान्याचे पुस्तक सापडते का ते पाहावे. त्या काळी गाडीतील रेडिओलाही परवाना घेऊन दरवर्षी शुल्क भरावे लागे. ते पुस्तक मिळाल्यास गाडीसोबतच ठेवावे.

डिलाइट_१९७२

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. रेडिओदुरुस्ती यांना मी काका म्हटले तर चालेल, असे गृहीत धरतो.

काका, आपल्या सूचनेप्रमाणे काल सेट बाहेर काढला. दोन्ही दांड्यांवरच्या नट्या सोडविल्या आणि मागचा पत्र्याचा आधार सुटा केला, तेव्हा तो खालच्या बाजूने अलगद हातात आला. तळाशी अदलाबदलीची पट्टी मिळाली. ती ऋण टोकावरच आहे, परंतु धन टोकाच्या जागीही पट्टी बराच काळ घट्ट बसलेली असल्याच्या खुणा दिसतात. मामींना विचारले तेव्हा उलगडा झाला. फियाट घेण्यापूर्वी मामांकडे मॉरिस मायनर होती आणि ती विकताना त्यांनी रेडिओ तेवढा काढून ठेवला होता. म्हणजे हा सेट गाडीपेक्षाही जुना आहे. परवान्याचे पुस्तकही मामींच्या लोखंडी कपाटात मिळाले.

आत एएफ ११७ जातीचे तीन ट्रान्झिस्टर आहेत. त्यांपैकी दोघांच्या टोपीचा इतर पायांशी संबंध दिसत नाही, मात्र एरियलच्या बाजूच्या पहिल्या ट्रान्झिस्टरमध्ये टोपी आणि एक पाय यांच्यामध्ये केवळ ४ ओहम रोध दाखविला. फक्त त्याचाच चौथा पाय कापावा की तिघांचाही? आणि एरियल गाडीवरचाच, डाव्या मडगार्डवरचा दुमडता दांडा आहे, तो तसाच चालेल का?

रेडिओदुरुस्ती

काका अवश्य म्हणा. तिघांचाही चौथा पाय कापा. आज ज्या दोघांत तंतू टेकलेला नाही, त्यांच्यात तो उद्या टेकणार आहे. पाय मुळापासून न कापता पाटीजवळ कापा, म्हणजे पुढे गरज पडली तर जोडता येईल.

एरियल तोच ठेवा. मात्र त्याच्या बुडाशी मडगार्डच्या आतल्या बाजूचा रंग आणि गंज खरवडून उघडा पत्रा करा, कारण एरियलच्या वायरीवरचे जाळीचे आवरण तेथे बॉडीला नीट टेकले नाही तर इंजिनाची सगळी खरखर आत येते. सेट गाडीत बसविल्यावर दांडा पूर्ण उघडा, काट्यावर १४०० किलोहर्ट्झच्या आसपास एखादे मंद केंद्र शोधा आणि एरियलच्या खाचेजवळचा छोटा स्क्रू आवाज सर्वांत मोठा होईपर्यंत हळूहळू फिरवा. हा स्क्रू सेट आणि एरियल यांची जोडी जमवितो. पुष्कळ लोक तो विसरतात आणि मग सेट दुबळा आहे असे म्हणतात.

डिलाइट_१९७२

तीन आठवड्यांनी लिहीत आहे, कारण काम पूर्ण करूनच लिहावे असे ठरविले होते.

तिन्ही पाय कापले, सात इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर बदलले आणि टेबलावर बॅटरी, स्पीकर व तीन मीटर वायरीचा तात्पुरता एरियल जोडून सेट सुरू केला. ७९२ किलोहर्ट्झवर पुणे केंद्र स्वच्छ लागले. मामींना मुद्दाम बोलावले होते. त्यांनी स्वतः उजवे बटण फिरवून पाहिले आणि मामा केंद्र लावताना कानाने ऐकत, काट्याकडे पाहत नसत, असे सांगितले. १९५३ सालच्या २ ऑक्टोबरला सुरू झालेले हे केंद्र मामांच्या पिढीला घरच्यासारखे होते, याची जाणीव मला त्या दिवशी झाली.

घरच्यांसाठी घाटवाट यांच्या पद्धतीने सीटखाली ब्लूटूथचा अँप्लिफायर आणि मागे दोन स्वतंत्र स्पीकर बसविले आहेत. मूळ स्पीकर डॅशबोर्डखाली फक्त जुन्या रेडिओसाठी राखून ठेवला आहे, त्यामुळे दोन्ही व्यवस्था एकमेकींना कोठेही स्पर्श करीत नाहीत. दोघींसाठी वेगळे फ्यूज दिले आहेत.

गेल्या रविवारी कात्रजचा घाट ओलांडून खेड शिवापूरच्या पुढे गेलो. मध्यम लहरी डोंगराआडही जमिनीलगत पसरत जातात हे वाचले होते, ते प्रत्यक्ष अनुभवले. एक त्रास मात्र उरला आहे. इंजिन सुरू असताना रेडिओत शिट्टीसारखा सूर येतो, तो वेगाबरोबर चढतो आणि किल्ली बंद केल्यावर इंजिन थांबेपर्यंत हळूहळू उतरत जातो. स्फोटासारखी टकटक नाही.

रेडिओदुरुस्ती

आपण लक्षपूर्वक ऐकलेत, त्यामुळे निदान सोपे झाले. प्लगच्या ठिणगीचा आवाज असता तर किल्ली बंद करताच तो तत्क्षणी थांबला असता. जो सूर इंजिनाच्या गतीबरोबर उतरत जातो तो डायनमोचा असतो. डायनमोच्या जाड वायरीच्या टोकावर १ मायक्रोफॅरडचा, गाडीसाठी बनविलेला धातूच्या कवचाचा कंडेन्सर लावा आणि त्याचे कवच डायनमोच्याच अंगाला स्क्रूने घट्ट आवळा. नाना पेठेतील जुन्या सुट्या भागांच्या दुकानांत तो मिळेल. बारीक वायरीच्या टोकावर, म्हणजे फील्डवर, तो चुकूनही लावू नका, त्याने कटआउटच्या, म्हणजे डायनमोची वीज नियंत्रित करणाऱ्या, डब्यातील रेग्युलेटरचे संपर्कबिंदू जळतात. डायनमोचे कार्बन ब्रश झिजलेले आणि कॉम्युटेटर, म्हणजे ब्रश ज्यावर घासतात तो तांब्याचा फिरता भाग, काळा पडलेला असला तरीही हाच सूर येतो, म्हणून कंडेन्सर लावण्याआधी ते उघडून पाहा.

पुढे कधी टकटक आलीच, तर तसाच कंडेन्सर इग्निशन कॉइलला लावावा लागेल, पण तो किल्लीकडून येणाऱ्या वायरीच्या टोकावर. डिस्ट्रिब्युटरकडे जाणाऱ्या टोकावर लावला तर इंजिनच नीट चालणार नाही. आणि सिगारेट लायटरच्या जागी मोबाइलचा स्वस्त चार्जर लावला असेल तर तोही काढून एकदा ऐकून पाहा. मध्यम लहरींवर असे चार्जर फार गोंगाट करतात.

डिलाइट_१९७२

काका, डायनमो उघडला. एक ब्रश निम्म्याहून अधिक झिजला होता आणि कॉम्युटेटरच्या खाचांत कार्बनची पूड साचली होती. ब्रशची जोडी नवी घातली, कॉम्युटेटर बारीक काचकागदाने साफ केला आणि जाड वायरीच्या टोकावर कंडेन्सर लावला. शिट्टी आता फक्त काटा खालच्या टोकाला नेला तरच अगदी पुसट ऐकू येते, पुणे केंद्रावर अजिबात नाही. चार्जर काढून ठेवला आहे. बॉनेटला बॉडीशी जोडणारी तांब्याची विणलेली पट्टी माझ्या गाडीत नाही असे लक्षात आले, ती या रविवारी बसवितो आणि काय फरक पडतो ते येथे कळवितो.